मैदानात माणूस असताना

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी "ताई, लिफ्टच्या शाफ्टमध्ये आहे, आवाज तुटतोय" म्हणून ठेवून देतोस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला ही सबब जन्मभर पुरेल. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राचा आवाज तुटत नाही.

सिस्टरच्या खांद्याजवळचं हाड मोडलंय. आईने तुला फोनवर "थोडं लागलंय" असं सांगितलं असणार, तिचं सगळंच थोडं असतं. सिस्टरना हात गळ्यात अडकवून ठेवायला सांगितलाय. सगळी नोकरी दवाखान्यात दुसऱ्यांना उठवण्या-बसवण्यात गेली, आणि आता वेणी घालून घ्यायला शेजारणीच्या दारात जाऊन बसतात. मी भेटायला गेले होते. दार त्यांनीच उघडलं, माझ्या हातातली फळं घेतली, पण बस म्हणाल्या नाहीत. आपल्या रॉकेट क्लबात माझं कुणाशी खरं जमलं असेल तर त्यांच्याशी, हे तुला माहीत आहे.

रविवारी काय झालं ते मला एकदा सरळ लिहून काढू दे, कारण क्लबात जो तो आपल्या सोयीची गोष्ट सांगतोय. सकाळी वारा पडलेला होता. लहान रॉकेटं उडाली, बहुतेक सगळी परतही मिळाली. दुपारी वारा उठला आणि फिरला. खांबावरची कापडाची पट्टी सकाळी मरगळून लोंबत होती, ती ताठ आडवी झाली आणि तिचं टोक आपल्या खुर्च्यांकडे वळलं. मी सगळ्यांदेखत सांगितलं, आज थोरला उडणार नाही. तू हसून म्हणालास, "ताईचं नाही म्हणजे नाही." लोक हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

थोरला उडावा असं मला वाटत नव्हतं, हे तू म्हणूच नकोस. बाबांनी आजारपणात अंथरुणावर उशाला टेकून त्याचे पंख घासले, तेव्हा पॉलिश पेपर मीच धरून बसायचे. आईने स्वतःचा जुना रेनकोट फाडून त्याची उतरताना उघडायची छत्री शिवली. माणसाच्या उंचीचं ते पुठ्ठ्याचं नळकांडं, आणि बाबा त्याला थोरला म्हणायचे. घरात मी थोरली असताना. मी चिडायचे, ते हसायचे. ते गेले आणि थोरला माळ्यावर राहिला. पण ज्या दिवशी वारा माणसांकडे वाहतो त्या दिवशी एवढं जड रॉकेट उडवायचं नाही, हे बाबांनीच शिकवलंय, आणि ते असते तर त्यांनीही नाहीच म्हटलं असतं.

मग घड्याळवाल्या काकांचं छोटं रॉकेट पलीकडे जाऊन पडलं. ते आणायला मी निघाले. उडवायच्या पेटीची किल्ली माझ्या गळ्यात होती. मैदानात माणूस गेला की किल्ली त्याच्याबरोबर जाते, म्हणजे तो परत येईपर्यंत मागे कुणी कितीही बटणं दाबली तरी काही पेटत नाही. हा नियम बाबांचा नाही आणि माझाही नाही. तुझा आहे. तूच उभा राहून सगळ्यांना समजावलं होतंस, की मी शाफ्टमध्ये उतरतो तेव्हा मेन स्विचला माझं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो, कारण वर कुणाला कधी काय सुचेल त्याचा भरवसा नाही.

मी अर्ध्यावर होते तेव्हा मागून आवाज आला. नवख्यांना वाटतं रॉकेट वाऱ्याबरोबर जाईल. ते वारा येतो त्या दिशेला नाक वळवतं, म्हणजे त्या दिवशी माझ्याकडे. तू नवखा नाहीस. थोरला वर जायच्या ऐवजी आडवा होत माझ्या डोक्यावरून गेला आणि मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन ढेकळांत बसले. पुढे त्याची छत्री अर्धीच उघडली, दोऱ्या गुंतल्या, आणि वाऱ्याने त्याला तसाच ओढत परत मैदानाच्या कडेच्या दोरीपलीकडे माणसांत नेऊन टाकला. सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहून कपबशा आवरत होत्या.

मी धावत येईपर्यंत काका विचारत होते, किल्ली कुणी दिली. तू म्हणालास, "किल्ली तर ताईकडेच असते."

त्यात एक अक्षर खोटं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. मी गळ्यातली किल्ली काढून दाखवली, तर काका म्हणाले, आत्ता आहे गं, पण तेव्हा कुठे होती? या धावपळीत परत गळ्यात घालायला कितीसा वेळ लागतो? कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, भाऊ लांबून आलेला, बहिणीचं मन. माझी अशी कीव करायला लागले सगळे. तू मान खाली घालून उभा होतास आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलास.

मला फार काही नको. क्लबला एक ओळ लिही, की किल्ली ताईने दिली नव्हती. पेटी कशी चालू केलीस ते लिहायची लाज वाटत असेल तर नको लिहूस.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

एक ओळ लिहायला एवढे दिवस लागत नाहीत.

रविवारी क्लबची बैठक झाली, काकांच्या घड्याळांच्या दुकानात, शटर अर्धं ओढून. तिथे प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ असते, त्यामुळे बैठक किती लांबली ते कुणालाच कळलं नाही. मी सांगितलं की किल्ली मी दिली नाही. काकांनी पेटी आणून टेबलावर ठेवली. लाखेचं सील शाबूत होतं. म्हणजे आतल्या वायरींना कुणी हात लावला नव्हता, पेटी किल्लीनेच चालू झाली होती. आणि किल्ली एकच. काका माझ्याकडे बघेनात. घड्याळाचं झाकण उघडून आत बघतात तसे ते पेटीकडेच बघत राहिले, आणि म्हणाले, तुझ्या बाबांचा क्लब आहे, मला नाही गं आवडत हे.

मग मी किल्ली गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. कुणी माग म्हटलं नव्हतं. पण परत घे असंही कुणी म्हटलं नाही.

सिस्टर कोपऱ्यात बसल्या होत्या. निघताना मी त्यांची चप्पल पायाशी सरकवायला वाकले, तर त्या म्हणाल्या, "चूक झाली म्हणाली असतीस तर मी तेव्हाच विसरले असते. खोटं कशाला बोलतेस?" एवढंच म्हणाल्या आणि अनवाणी पायाने चप्पल चाचपत राहिल्या. मी काय करणार होते? मी तशीच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी कामावर मी एका आजोबांच्या कवळीला सगळे दात एक छटा जास्त पांढरे बसवले. मालक म्हणाले, यांना काय लग्न करायचंय का. सगळं उकरून परत मेण लावायला लागलं. हे मी तुला हसायला सांगत नाही.

आईला सांगितलं की धाकट्याला तूच सांग, माझं तो ऐकत नाही. ती म्हणाली, सांगते. डोळ्यांत थेंब घालून पडून राहायची वेळ झाली होती तिची.

ताई

६ मार्च

धाकट्या,

तुझा निरोप मोबाईलवर मिळाला. "ताई, जाऊ दे ना. तू स्ट्राँग आहेस." शेवटी दोन जोडलेले हात. नमस्कार की माफी, ते चित्रावरून कळत नाही, आणि तुलाही ते कळू द्यायचं नसणार.

मी स्ट्राँग आहे हे तुला कुणी सांगितलं? बाबांच्या आजारपणात मी रजा टाकली म्हणून? की आईच्या डोळ्यांच्या तपासण्यांना मी जाते म्हणून? तू लांब राहतोस, तुला जमत नाही, ते मी कधी काढलं नाही. आजही काढणार नव्हते. तू काढायला लावलंस.

आता मी काय ठरवलंय ते ऐक. तू दुसरी किल्ली बनवून घेतली होतीस. याशिवाय दुसरा रस्ता नाही. आदल्या दिवशी "जरा बाजारात जाऊन येतो" म्हणून गेला होतास आणि येताना आईला मोजे घेऊन आलास. मोजे आणायला एवढा वेळ लागतो का? माझी किल्ली सकाळी अंघोळीच्या वेळी खुंटीवर असते. तेवढ्यात साबणावर तिचा ठसा घ्यायला तुला काय अवघड. मी दिवसभर दातांचे ठसेच हाताळते, मला तू शिकवू नकोस.

याचा अर्थ तुझ्या लक्षात येतोय का? वाऱ्यात डोकं फिरलं, मोह झाला, असं असतं तर मी दोन दिवस बोलले नसते आणि मग आपणहून फोन केला असता. पण किल्ली बनवायला आधी ठरवावं लागतं. मी नाही म्हणणार हे तू घरूनच धरून आला होतास. माझ्यासमोर बसून जेवलास, "ताईचं नाही म्हणजे नाही" म्हणून चारचौघांत मला हसवलंस, आणि किल्ली तुझ्या खिशात होती.

बाजारात किल्ल्या बनवणारा एकच आहे, बसथांब्यामागे. मी त्याला विचारणार आहे. तो हो म्हणाला की त्यालाच घेऊन काकांच्या दुकानात जाईन. तुझी ओळ ठेव तुझ्यापाशी.

ताई

१४ मार्च

धाकट्या,

ही पत्रं तू फोडतोस तरी की नाही, देव जाणे. हे फोड.

कामावरून परस्पर किल्लीवाल्याकडे गेले. माझी किल्ली आता माझी राहिली नाही, म्हणून काकांकडून मागून नेली. काकांनी काही न विचारता दिली, तेवढा भरवसा अजून शिल्लक आहे. किल्लीवाल्याने ती उलटीसुलटी केली, चष्म्याजवळ नेली आणि म्हणाला, "ही मी बनवली नाही आणि मला बनवताही येणार नाही. ह्याचा कोरा तुकडाच मिळत नाही आता. जुन्या स्कूटरची दिसते."

मी म्हटलं, हो, वडिलांनी स्कूटर भंगारात काढताना तिचं कुलूप काढून एका पेटीला बसवलं.

"मग दुसरी शोधा की घरात," तो म्हणाला. "स्कूटरला दोन येतात."

मी तिथेच उभी राहिले. मागून दुसरं गिऱ्हाईक आलं तरी मला बाजूला व्हायचं सुचेना. इतकी वर्षं आम्ही सगळे एकच किल्ली, एकच किल्ली म्हणत आलो, लाखेची सीलं मारली, नियम केले, आणि कुलूप स्कूटरचं आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुसरी किल्ली कुठे असायची तेही मला तिथेच आठवलं. बाबा बाजारात किल्ली हरवायचे आणि आई तिच्या बटणांच्या डब्यातून दुसरी काढून द्यायची.

घरी आले. आई खिडकीपाशी मटार सोलत होती. आता ती बघून सोलत नाही, बोटांनीच सोलते. मी आधी डबा काढला. बटणांत तांबडी रिंग होती, आणि रिंग रिकामी होती.

मी विचारलं, "स्कूटरची दुसरी किल्ली कुठे आहे?"

तिचे हात थांबले नाहीत. "त्याच्याकडे," ती म्हणाली.

तेव्हा मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. तिने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, जणू मी विचारायचीच ती वाट बघत होती. उड्डाणाच्या दिवशी मैदानावर येताना ती दुसरी किल्ली पर्समध्ये घालूनच निघाली होती. तुला आधी ठाऊक नव्हतं म्हणते. तसं असेल तर मोज्यांबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते, तेवढंच. दुपारी मी नाही म्हटल्यावर तिने तुला जवळ बोलावलं. डॉक्टर म्हणालेत की पुढच्या वर्षी कडेकडेचं काही दिसणार नाही, आणि मग मधलंही जाईल. तिला थोरला उडताना बघायचा होता. हे मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू मला वारा दाखवला असतास.

"मी मैदानात होते, आई."

"ठाऊक होतं की. मी विचारलं त्याला, ताई कुठे आहे. म्हणाला, गेली पलीकडे, लांब आहे. म्हणून तर किल्ली काढली. तू इथे असतीस तर होऊ दिलं असतंस का?"

मी हे तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलंय, म्हणजे पुढे तुम्हा दोघांपैकी कुणाला विसरायला नको.

तुझा नियम मैदानातल्या माणसाला सांभाळण्यासाठी होता. तुम्ही तो उलटा वापरलात. मी मैदानात आहे, म्हणजे आडवी यायला इथे कुणी नाही. धाकट्या, मी पाठ करून चालत होते ते गळ्यातल्या किल्लीच्या भरवशावर नाही. मागे तू आहेस आणि आई आहे, एवढ्या भरवशावर चालत होते.

मग इतके दिवस गप्प का राहिलीस आई, म्हटलं. सिस्टर मला खोटारडी म्हणाल्या ते मी तुला रडत सांगितलं, तेव्हा तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तरी मूग गिळून बसलीस. त्यावर ती म्हणाली, त्याचं काम असं, लिफ्टचं, लोकांच्या जिवाचं. वर कळलं तर त्याला कामावर ठेवतील का. आणि तिला क्लबात काय तोंड राहिलं असतं, जिथे तिची खुर्ची सगळ्यांच्या आधी मांडतात. "तू कणखर आहेस गं," म्हणाली. "तुला सोसतं."

म्हणजे तुझ्या निरोपातला शब्द कुठून आला तेही कळलं. तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत की ही सोसेल.

शेवटी मी एकच विचारलं. "मग दिसला का थोरला?"

"नाही गं," ती म्हणाली. "आवाज ऐकला."

मटार तिने मला नीट सोलून दिले, दाणे वेगळे, सालं वेगळी. रात्री मी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. मला ते करायचं नव्हतं, पण तिला आता बाटलीचा नेम डोळ्यावर धरता येत नाही.

ताई

८ एप्रिल

धाकट्या,

तू क्लबला पत्र लिहिलंस, ते काकांनी मला वाचून दाखवलं. चांगलं लिहिलंयस. सगळा दोष स्वतःवर घेतलास आणि आईचं नाव कुठेही येऊ दिलं नाहीस. कुणाला कधी वाचवायचं ते तुला बरोबर कळतं. पण तुझं पत्र पोचायच्या आधीच मी क्लबात सगळं सांगून टाकलं होतं, आईसकट. तुला राग येईल. येऊ दे.

आधी सिस्टरकडे गेले. आईला सांगूनच गेले. सिस्टरचा हात आता मोकळा झालाय, पण अजून वर जात नाही. मी दारातच उभी राहून सगळं बोलून टाकलं, स्कूटर, डबा, पर्स, सगळं. मला वाटलं त्या तुझ्यावर चिडतील, आईवर चिडतील. त्यांनी विचारलं, "थांब. तू कुठे होतीस तेव्हा?"

मी म्हटलं, मैदानात. अर्ध्यावर.

"तुला लागलं नाही ना?"

त्या दिवसापासून हे कुणी विचारलं नव्हतं. तू नाही, आईने नाही, क्लबातल्या एकानेही नाही. आणि विचारलं ते जिचं हाड मोडलं तिने. मी त्यांच्या उंबऱ्यावरच बसले आणि लहान मुलीसारखी रडले. त्या एका हाताने चहा करायला लागल्या आणि मला म्हणाल्या, साखर तू घाल, बरणीचं झाकण मला निघत नाही.

काकांनी पेटीचं कुलूप बदललं. नव्या कुलपालाही दोनच किल्ल्या आल्या. त्यातली एक त्यांनी सगळ्यांदेखत पकडीत धरून मोडली आणि दुसरी माझ्या हातात दिली. बाबांचं स्कूटरचं कुलूप घरी आणलंय. तुझ्याकडची किल्ली आता फक्त त्यालाच लागते, आणि ते कशालाच लागत नाही. परत पाठवायची तसदी घेऊ नकोस.

थोरल्याचे दोन पंख तुटलेत. मी तो माळ्यावर ठेवलाय. मी जोडणार नाही. तुला जोडायचा असेल तर येऊन जोड, मी आड येणार नाही.

काल परत उड्डाणाचा दिवस होता. आई येते म्हणाली. मला वाटलं होतं नाही म्हणेल. मी तिला घेऊन गेले. तिची खुर्ची मांडली होती, पण सगळ्यांच्या आधी नाही, सगळ्यांबरोबर. लोक तिच्याशी नीट वागले, जरा जास्तच नीट. तिला ते कळलं असणार, तिला ऐकू चांगलं येतं.

वारा होता, पण माणसांकडे नव्हता. सिस्टरचं रॉकेट पलीकडे पडलं. हात सांभाळत ढेकळांतून त्यांना अजून तेवढं चालवत नाही, म्हणून मी निघाले. नव्या कुलपाची एकुलती एक किल्ली माझ्या गळ्यात होती. ती मी निघताना चाचपली, दोरी ओलांडताना चाचपली, आणि तरी अर्ध्यावर माझे पाय थांबले. इतकी वर्षं त्या मैदानात जातेय, मी कधी मागे वळून बघितलं नव्हतं. काल बघितलं.

पेटीपाशी कुणीही नव्हतं. आई खुर्चीत बसली होती. तिने बाजूला कुणाला तरी विचारलं असावं, ताई कुठे आहे, कारण तेवढ्या लांबचं तिला दिसत नाही. मग तिने हात उंच केला आणि हलवला, पार डावीकडे, जिथे मी नव्हते तिकडे. बराच वेळ हलवत होती. मी हात वर केला नाही.

ताई